विनोबांची पाच मिनिटे

रक्तातली साखर वाढल्याचा अहवाल हाती आला की पहिल्या आठवड्यात बहुतेक जण चालायला लागतात. सुकापूरवरून माथेरानच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे नवे कोरे बूट दिसतात. मग पाऊस लागतो, घरी पाहुणे येतात, गुडघा धरतो आणि बूट कपाटात जाऊन बसतात. माहिती कमी पडते असे मुळीच नाही. चालावे, मीठ-साखर कमी करावी, तंबाखू सोडावी हे आता शाळकरी मुलालाही पाठ असते. कमी पडते ते दुसरेच काहीतरी, आणि ते औषधाच्या दुकानात मिळत नाही. ते कुठून येते हे समजून घ्यायला पनवेलच्या शेजारच्या पेण तालुक्यात जन्मलेल्या एका माणसाच्या शरीराची हकीकत उपयोगी पडते. विनोबा भावे म्हटले की भूदान आठवते, गीताई आठवते. त्यांचे वजन कोणाला आठवत नाही.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे या गावी झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यात, त्यामुळे लहानपणीची काही वर्षे आजोबांजवळ गेली आणि पुढचे शिक्षण बडोद्यात झाले. आयुष्यभर ब्रह्मचारी राहायचे हे त्यांनी अगदी लहान वयात ठरवले आणि त्यासाठी पायात वहाण घालायची नाही, गादीवर निजायचे नाही असे नेम स्वतःला लावून घेतले. बडोद्याच्या उन्हात अनवाणी मैलोन् मैल भटकणे हा त्यांचा छंद होता. पण चालण्याची आवड असणे वेगळे आणि प्रकृती धडधाकट असणे वेगळे. मुलगा बुद्धीने तल्लख, अंगाने काटकुळा. शरीराला ताब्यात ठेवायचे एवढेच त्याला ठाऊक होते. त्याची निगा राखायची असते हे अजून त्याच्या गावी नव्हते.

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीची गाडी पकडली. तिथून ते ७ जूनला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले. पहिल्या भेटीत गांधीजी भाजी चिरत होते आणि त्यांनी पाहुण्याच्या हातातही सुरी दिली, ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. त्या सुरुवातीच्या बोलण्यातली दुसरी गोष्ट मात्र आरोग्याच्या दृष्टीने जास्त मोलाची आहे. गांधीजींनी या वीस वर्षांच्या मुलाकडे पाहून तो अशक्तच नव्हे, आजारी दिसतो असे सांगितले. आत्मज्ञानाच्या मागे लागलेली माणसे अंगाने फार बळकट नसतात हे त्यांनी मान्य केले, पण ज्याला आत्मज्ञान झाले तो आजारी पडत नाही, असेही वर सुनावले.

शास्त्राच्या कसोटीवर हे विधान टिकणार नाही. ज्ञानी माणसालाही क्षय होतो, कर्करोग होतो. पण बोलणाऱ्याने नेमकी जागा हेरली होती. समोरचा मुलगा घर सोडून आला होता तो ब्रह्म शोधायला. त्याला कोणी वजन कमी आहे, तूप खा, असे सांगितले असते तर त्याने ते कानाआड टाकले असते. वजन ही त्याच्या लेखी क्षुद्र बाब होती. इथे मात्र त्याला जे सर्वांत प्रिय होते त्याच्याशीच शरीराची गाठ बांधली गेली. प्रकृती सुधारणे हा साधनेचाच भाग ठरला. विनोबांनी हा आपल्याला मिळालेला धडा मानला आणि तो लगेच कामाला लावला.

पुढच्याच वर्षी त्यांनी आश्रमातून वर्षभराची रजा घेतली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ संस्कृत शिकायचे आणि प्रकृती सुधारायची, असे दोन हेतू. फेब्रुवारी १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींना वर्षाचा हिशेब कळवणारे पत्र पाठवले. त्यात उपनिषदे आणि शांकरभाष्य आहे तसे सूर्यनमस्कार आणि भाकरीही आहे. सुरुवातीला रोज दहा-बारा मैल चालणे. मग सहा ते आठ शेर दळण जात्यावर दळणे. आणि पत्र लिहीपर्यंत रोज तीनशे सूर्यनमस्कार आणि फिरणे. मधल्या काळात रायगड, सिंहगड, तोरणा असे किल्ले पाहत त्यांनी शेकडो मैलांची पायी भटकंती केली.

यातल्या दळणाकडे जरा थांबून पाहायला हवे. वाईतल्या मुलांना जमवून विनोबांनी एक विद्यार्थी मंडळ काढले होते. त्या मुलांनी लोकांचे धान्य दळून द्यायचे, त्याचे पैसे घ्यायचे आणि त्या पैशांतून वाचनालय चालवायचे. सधन घरची मुलेही जात्याला बसत. दंड, खांदे, पाठ आणि पोट यांना जात्याइतका चोख व्यायाम देणारी यंत्रे आज शहरातल्या व्यायामशाळा महिन्याचे पैसे घेऊन देतात. तिथे नाव घालणाऱ्यांपैकी पुष्कळ जण दोन महिन्यांत दिसेनासे होतात. वाईच्या मुलांना व्यायाम करायचाच नव्हता, त्यांना पुस्तके हवी होती. व्यायाम आपसूक होत होता.

आहाराचे प्रयोगही विनोबांनी त्याच काटेकोरपणे केले. मसाले सोडले, सहा महिन्यांनंतर मीठही सोडले. एक महिना नुसती केळी, दूध आणि लिंबू यांवर काढला. त्याने शक्ती घटली, हे त्यांनी स्वतःच नोंदवले आणि तो प्रयोग बंद केला. प्रयोग फसला की तो फसला असे लिहून ठेवणे हा गुण नवनव्या डाएटच्या मागे धावणाऱ्यांत दुर्मीळ असतो. दूध सोडण्याची त्यांची मनापासून इच्छा होती, पण पुष्कळ खटपटींनंतर दुधावाचून नीट भागत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. शाकाहारी माणसाला बी-१२ हे जीवनसत्त्व मुख्यतः दुधातूनच मिळते. ते जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळे काढले १९४८ मध्ये, म्हणजे त्या पत्रानंतर तीस वर्षांनी.

वर्षाअखेरीस ठरलेला त्यांचा रोजचा आहार असा होता: दूध ६० तोळे, वीस तोळे ज्वारीच्या दोन भाकऱ्या, चार-पाच केळी आणि मिळाले तर एक लिंबू. आजच्या मापात सुमारे ७०० ग्रॅम दूध आणि २३० ग्रॅम ज्वारी. उष्मांक मोजले तर सतराशे ते दोन हजारांच्या घरात जातात, प्रथिने पन्नास ग्रॅमच्या आसपास. बैठे काम करणाऱ्या किरकोळ माणसाला हे पुरेल. रोज तीनशे सूर्यनमस्कार घालून वर मैलोन् मैल चालणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणाला हे थोडे कमीच. पालेभाजी आणि डाळ तर दिसतच नाही. मीठ अजिबात सोडण्याचे अनुकरणही कोणी करू नये. कमी खाणे आणि मुळीच न खाणे यांत फरक आहे, आणि भर उन्हात घाम गाळणाऱ्याला किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या वृद्धाला तो फरक महागात पडतो. पण या पथ्यामागची वृत्ती पाहण्यासारखी आहे. कोणी सांगितले म्हणून केले नाही, स्वतः करून पाहिले, मोजले, लिहिले आणि बदलले. रजेचे वर्ष संपले त्याच दिवशी विनोबा आश्रमात हजर झाले. गांधीजींच्या ती तारीख लक्षातही राहिली नव्हती.

१९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले आणि पुढची वर्षे कामात बुडाली. आश्रम, तुरुंग, गीतेवरची प्रवचने, गीताई. नालवाडीला असताना त्यांनी सूत कातून मिळणाऱ्या मजुरीतच गुजराण करण्याचा हट्ट धरला. दिवसाचे आठ-आठ तास कताई आणि कातणाऱ्या गरिबाला जेवढे मिळेल तेवढ्यातच जेवण. तत्त्व म्हणून हे थोर होते. शरीर मात्र तत्त्वावर चालत नाही, ते पोटात गेलेल्या घासांवर चालते. १९३८ साल उजाडले तेव्हा बेचाळीस वर्षांच्या विनोबांचे वजन ८८ पौंड, म्हणजे चाळीस किलो भरत होते. जेमतेम पाच फूट उंचीच्या प्रौढ माणसालाही हे वजन कमीच म्हटले जाईल. सगळे ज्ञान असूनही माणूस पुन्हा घसरतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. वाईला मिळवलेली शिस्त कामाच्या रेट्याखाली वीस वर्षांत झिजून गेली होती.

जमनालाल बजाज यांनी ही गोष्ट गांधीजींच्या कानावर घातली. गांधीजींनी विनोबांना बोलावून घेतले आणि आपल्याजवळ राहा, मी शुश्रूषा करतो, असे सुचवले. विनोबांनी ते हसत नाकारले. गांधीजींच्या मागे पन्नास कामे, त्यांतले एक काम रोग्यांचे, त्यातही पन्नास रोगी. त्यांत आपली भर पडून काय होणार, असा त्यांचा हिशेब होता. मग डॉक्टरकडे जा म्हटले, तर त्यापेक्षा यमाकडे जाणे बरे, असे उत्तर आले. मग हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणांची नावे निघाली. विनोबांनी निवडले ते पवनार. वर्ध्यापासून दोन तासांच्या पायवाटेवर, धाम नदीच्या काठी जमनालालजींचा एक बंगला रिकामा पडला होता. गांधीजींनी होकार दिला, पण एका अटीवर: आश्रमाची आणि कामाची सारी चिंता मागे ठेवून जायचे.

७ मार्च १९३८ रोजी विनोबांना मोटारीतून पवनारला नेण्यात आले. गाडी धामच्या पुलावर आली तेव्हा आपण सर्व सोडले, अशा अर्थाचे संन्यासाचे संस्कृत शब्द त्यांनी तीन वेळा उच्चारले. आजच्या भाषेत सांगायचे तर माणसाने पूर्ण रजा घेतली आणि फोन बंद केला. बंगल्यात त्यांचा कार्यक्रम साधा होता. विश्रांती, थोडे फिरणे आणि शेजारच्या जमिनीत खणणे. पहिल्या दिवशी खणले फक्त पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी त्यात एक-दोन मिनिटांची भर. असे करत मजल तासांवर गेली, आणि तासभर खणताना मध्ये मध्ये काही क्षण थांबून श्वास घ्यायचा, हा नियमही त्यांनी सोडला नाही. दहा महिन्यांनी वजन १२८ पौंड झाले. म्हणजे अठ्ठावन्न किलो.

त्या काळी मोठ्या आजारावर डॉक्टरांचा हुकमी उपाय होता अंथरूण. हृदयविकाराच्या रोग्याला तर कित्येक आठवडे कुशीवरही वळू देत नसत. आज त्याच रोग्याला काही दिवसांत उठवून चालवतात, सुरुवातीला पाच-पाच मिनिटे, आणि दर दिवशी थोडी भर. हाडांना चिकटलेल्या स्नायूंना हळूहळू वाढणारा भार मिळाला तरच खाल्लेल्या अन्नाचे मांस होते. नुसते पडून खाल्ले तर चरबी होते. खणण्याने भूक लागते, झोप लागते. मधल्या क्षणभराच्या विश्रांतीने थकलेला माणूस जास्त वेळ काम करू शकतो. विनोबांनी हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. ते गणिताचे प्रेमी होते, आणि रोज थोडी भर घातली की शेवटी काय होते हे गणित जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आज मात्र कोणाचे वजन असे ओसरत असेल तर कुदळ हाती घेण्याआधी त्याने थुंकी, साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे. यमाकडे जाईन पण डॉक्टरकडे नाही, ही विनोबांची थट्टा १९३८ मध्ये एक वेळ खपून गेली. तेव्हा डॉक्टरच्या पिशवीत क्षयावरचे औषधही नव्हते. आता ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

विनोबा पवनारला बरे का झाले, याचे उत्तर केवळ खणण्यात नाही. हवापालटासाठी महाबळेश्वरला पाठवले असते तर त्यांनी तिथे दिवस मोजले असते. पवनार त्यांनी स्वतः निवडले, उपाय स्वतः ठरवला, आणि तो उपायही असा की जो त्यांच्या मूळ श्रद्धेत बसत होता. अंगमेहनतीची भाकर हे त्यांचे व्रत होतेच; खणणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने व्यायाम नव्हता, प्रार्थनेसारखे काहीतरी होते. गांधीजी एका परीने इथे उत्तम वैद्य ठरले. त्यांनी एकेक पर्याय पुढे ठेवला, प्रत्येक नकार ऐकून घेतला, आणि रोग्याने स्वतः मार्ग सांगताच तो मान्य करून एकच अट घातली. विनोबांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दारूच्या व्यसनात अडकलेल्यांशी कसे बोलावे यावर एक निबंध लिहिला. उपदेश आणि धाक यांनी माणूस उलट अडून बसतो. बदलाची कारणे त्याच्याच तोंडून येऊ द्यावीत, असे त्याचे सांगणे होते. ती पद्धत आता मधुमेहापासून तंबाखूपर्यंत सगळीकडे शिकवली जाते. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना ती पाळणे कठीण जाते, हेही खरेच.

त्या खणण्यातून आणखी एक गोष्ट निघाली. पवनार हे वाकाटकांच्या काळातले जुने ठिकाण. जमिनीत भरत-राम भेटीचे एक प्राचीन शिल्प सापडले. धुळ्याच्या तुरुंगातल्या प्रवचनांत विनोबा या भेटीविषयी भरभरून बोलले होते, त्यामुळे हा त्यांना मोठाच प्रसाद वाटला. पुढे त्या शिल्पाची आश्रमात स्थापना झाली. प्रकृतीसाठी घातलेला कुदळीचा घाव इतका फळेल, असे त्यांना स्वप्नातही वाटले नसेल.

मिळालेली शक्ती वाया गेली नाही. ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांना निवडले आणि पुन्हा तुरुंगवास सुरू झाला. सुटून आल्यावर १९४६ पासून ते पवनारहून सुमारे तीन मैलांवरच्या सुरगावला रोज चालत जात, खांद्यावर फावडे घेऊन. तिथे ते गावाची घाण साफ करत. पावसाळ्यात एकदा नाल्याला पूर आला. विनोबा काठावर उभे राहिले आणि पलीकडच्या माणसाला ओरडून सांगितले की गावचा भंगी आला होता, असा निरोप देवळातल्या देवाला दे. मग ते परत फिरले. चालणे मात्र झालेच. सकाळचे फिरणे पावसामुळे बुडणाऱ्यांनी या निरोपाचा विचार करावा.

८ मार्च १९५१ रोजी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला जाण्यासाठी ते पायीच निघाले. वय पंचावन्न. १८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले आणि मग ते चालतच राहिले, १९६४ पर्यंत. पहाटे अंधारात उठायचे, दहा-बारा मैल चालून पुढच्या मुक्कामाला पोचायचे. पोटातल्या व्रणाचे दुखणे सोबत होते, त्यामुळे दही-दूध, गूळ किंवा मध असे थोडे थोडे, दिवसातून अनेकदा घेत. तेरा वर्षे, हजारो गावे. इतके चालायचे म्हणून चालायला कोणी निघत नाही. त्यांना जमीन मागायची होती, आणि पाय हे तिथे पोचायचे साधन होते. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. विनोबांचा तो कोटा मंगळवारपर्यंत संपत असे.

या वाटेवर एकदा त्यांचा हट्ट जिवावर बेतला. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारातल्या चांडील इथे त्यांना घातक प्रकारच्या मलेरियाने गाठले. ताप उतरेना आणि विनोबा औषध घेईनात. देशभर काळजी पसरली. अखेर बिहारचे मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह आणि इतरांच्या आग्रहापुढे ते नमले, औषध घेतले आणि उठले. या प्रकारचा मलेरिया मेंदूत शिरला तर कोणतीही साधना उपयोगी पडत नाही. खणणे, चालणे, मोजके खाणे ही शरीर घडवण्याची साधने आहेत. शिरलेला परजीवी त्यांनी मरत नाही. विनोबांनी तो फरक वेळेत मानला, म्हणून भूदानाची पुढची अकरा वर्षे झाली.

ऑक्टोबर १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनार सोडून कुठे जायचे नाही असे ठरवले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस आता काय करणार, असे कोणालाही वाटेल. विनोबांनी आश्रमाच्या अंगणातला केरकचरा वेचायला घेतला. काडी, पान, चिमूटभर धूळ, सगळे वाकून उचलायचे आणि टोपलीत टाकायचे. रोज, आणि चांगला बराच वेळ. म्हातारपणी तोल आणि कमरेचा लवचीकपणा टिकवायला यापेक्षा बरा व्यायाम कोणी सुचवणार नाही, पण ते त्याला जप म्हणत. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी अन्न आणि औषध नाकारले, आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, पवनारलाच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना सत्त्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती.